निवळ पाणी आणि निर्मळ पाणी

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले व्याख्यान, स्मरणिकेच्या वाचकांसाठी थोडे विस्ताराने)





या मेळाव्यात दरवर्षी शिक्षणाचे महत्त्व, शिस्त, मुलींचे शिक्षण, स्पर्धा परीक्षा अशा विषयांवर व्याख्याने होतात आणि ती व्हायलाच हवीत. या वर्षी चार शब्द बोलण्याची आज्ञा मला झाली तेव्हा मी अध्यक्षांना विनंती केली की, मला पाण्यावर बोलू द्यावे. ते हसले आणि म्हणाले, "सर, तुम्ही इतिहास-मराठीचे शिक्षक. पाण्याचा आणि तुमचा काय संबंध?" संबंध आहे. मी बी.ए. बी.एड. झालेला माणूस आहे, विज्ञानाचा पदवीधर नाही. तरी पाण्याच्या बाबतीत माझ्यावर एक जुने कर्ज आहे आणि ते आज आपल्यासमोर फेडावे अशी माझी इच्छा आहे.

गोष्ट २०१७ सालची आहे. मला नोकरीला लागून फार वर्षे झाली नव्हती. शाळेत विज्ञानाच्या शिक्षकाची जागा रिकामी होती आणि सातवीचे विज्ञान माझ्याकडे आले. मी उत्साहाने कामाला लागलो. जूनमध्ये पालक सभा होती. त्या सभेत मुलांकडून प्रयोग करून दाखवायचे ठरले. मी प्लॅस्टिकची एक बाटली बुडाशी कापली, उलटी टांगली, तिच्या तोंडात कापूस घातला, त्यावर कुटलेला कोळसा, त्यावर वाळू आणि त्यावर बारीक खडी. एका बादलीत अंगणातली तांबडी माती कालवली. ते चहासारखे पाणी वरून ओतले आणि खालून थेंब थेंब स्वच्छ पाणी पेल्यात उतरले. पालकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्यांनी माणसाला चढते. मी तो पेला उचलला आणि सर्वांसमोर पिऊन दाखवला.

त्यानंतर तीन आठवड्यांनी सातवीतल्या एका मुलाची आई शाळेत आली. पाऊस कोसळत होता. छत्री बाहेर ठेवून ती दारातच उभी राहिली. तिची चार वर्षांची मुलगी जुलाब-उलट्यांनी तीन दिवस दवाखान्यात होती, सलाइनवर होती. त्यांच्या घरी पावसाळ्यात वहाळाकाठच्या विहिरीचे पाणी येई आणि ती माउली ते रोज उकळून देई. पण मुलाने घरी बाटलीचे गाळणे बांधले होते आणि आईला सांगितले होते की, आता उकळायची गरज नाही, गॅस वाचेल. डॉक्टर म्हणाले, पाण्यातूनच आले असावे. ती भांडायला आली नव्हती. ती इतकेच म्हणाली, "सर, पोरगा म्हणाला, सरांनी स्वतः पिऊन दाखवलंय."

मित्रहो, माझ्याकडे उत्तर नव्हते. मी जे पाणी प्यालो ते शाळेच्या नळाचे होते. त्यात क्लोरीन आधीच पडलेले होते. मी त्यात फक्त माती कालवली आणि गाळण्याने फक्त माती काढली. जी गोष्ट त्या पाण्यात नव्हतीच ती निघाल्याचा आव मी आणला होता. मुलाने मात्र खऱ्या गढूळ पाण्यावर विश्वासाने तोच प्रयोग केला. शिक्षकाची चूक फळ्यावर राहत नाही, ती घरोघर जाते, हे मला त्या दिवशी कळले. अल्लाहची कृपा, मुलगी बरी झाली. आज ती आमच्याच शाळेत शिकते. पण तेव्हापासून मी वाळूच्या गाळण्याचा अभ्यास सुरू केला. जे समजले ते आज सांगतो.

प्रथम एक गोष्ट मनात पक्की धरा. निवळ पाणी वेगळे आणि निर्मळ पाणी वेगळे. निवळ म्हणजे डोळ्यांना स्वच्छ दिसणारे, निर्मळ म्हणजे पिण्यास निर्धोक. रोगजंतू डोळ्यांना दिसत नाहीत. एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्या एका भागाला मायक्रॉन म्हणतात. पटकीचा किंवा विषमज्वराचा जंतू साधारण एक-दोन मायक्रॉन लांबीचा असतो. पाण्यातून होणाऱ्या काविळीचा विषाणू त्याहून कितीतरी लहान, मायक्रॉनचा तिसावा-चाळिसावा भाग. बारीक वाळूच्या दोन कणांमधली फट मात्र पन्नासेक मायक्रॉनची असू शकते. म्हणजे या वर्गाच्या दारातून एक लिंबू घरंगळत जावे, तसा जंतू वाळूतून जाऊ शकतो. मातीचे मोठे कण अडतात म्हणून पाणी स्वच्छ दिसते. लिंबू मात्र केव्हाच आत आलेले असते.

मग विद्यार्थी विचारतील, सर, वाळूने जंतू अडत नसतील तर वाळू वापरायचीच कशाला? या प्रश्नाचे उत्तर मला विज्ञानाच्या नव्हे, इतिहासाच्या पुस्तकांत सापडले. थोडे तिकडे वळू.

पाणी दुरून, सोय करून आणण्याची विद्या आपल्या मुलखाला नवी नाही. मलिक अंबराने सतराव्या शतकाच्या आरंभी खडकी शहर वसवले, तेच पुढे औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर. तेथे त्याने डोंगरातले पाणी जमिनीखालच्या नहरींतून शहरात खेळवले. पाणी बंदिस्त वाटेने आले की वाटेत घाण कमी मिसळते. ही झाली पाणी जपण्याची विद्या. घाण झालेले पाणी साफ करण्याची विद्या पुढची आहे. १८०४ साली स्कॉटलंडमधल्या पेझ्ली या गावी जॉन गिब नावाच्या माणसाने आपल्या कापड धुण्याच्या कारखान्यासाठी वाळूचे गाळणे बांधले आणि उरलेले पाणी गावात विकले. १८२९ साली जेम्स सिम्प्सन या अभियंत्याने लंडनमध्ये एका पाणी कंपनीसाठी मोठे वाळूचे हौद बांधले. यांपैकी कोणालाच जंतू ठाऊक नव्हते. त्यांना फक्त गाळ काढायचा होता.

पुढे १८९२ साली जर्मनीत एक विलक्षण गोष्ट घडली. हॅम्बुर्ग आणि अल्टोना ही दोन शहरे एकमेकांना अगदी चिकटून होती, एल्ब नदीच्या काठी. हॅम्बुर्ग आपले पाणी शहराच्या वरच्या अंगाने घेई, पण न गाळता. अल्टोना खालच्या अंगाने पाणी घेई. म्हणजे हॅम्बुर्गची सगळी घाण ज्यात मिसळली आहे असे पाणी, पण ते वाळूच्या संथ हौदातून गाळून. त्या वर्षी ऑगस्टमध्ये पटकीची साथ आली. हॅम्बुर्गमध्ये आठ हजारांहून अधिक माणसे मेली. अल्टोना लहान शहर, तरी लोकसंख्येच्या मानानेही तेथील मृत्यू फारच थोडे, तीनशेच्या आसपास. दोन्ही शहरांच्या हद्दीवर एक रस्ता होता. रस्त्याच्या एका बाजूच्या घरांत पटकी, दुसऱ्या बाजूला नाही. हवा तीच, जमीन तीच, माणसे तीच. फरक फक्त पाण्याचा.

पटकीच्या जंतूचा शोध रॉबर्ट कोख या जर्मन शास्त्रज्ञाने १८८४ साली आपल्या कलकत्त्यातील मुक्कामात पक्का केला होता. हॅम्बुर्गच्या साथीचाही त्यानेच अभ्यास केला. त्या साथीनंतर वाळूच्या गाळण्याविषयी कोणाला शंका उरली नाही. पण त्यापुढचे पानही वाचले पाहिजे. पुढच्याच हिवाळ्यात अल्टोनाच्या गाळण-हौदांत कडाक्याच्या थंडीने बिघाड झाला आणि त्या शहरातही पटकी डोकावली. म्हणजे वाळू तारते, पण नीट चालवली तरच.

आता तो प्रश्न. लिंबू दारातून जात असेल तर अल्टोनाची माणसे वाचली कशी? गुपित असे की, संथ गाळण्यात वाळूच्या वरच्या एक-दोन सेंटिमीटरांत काही दिवसांनी एक जिवंत साय धरते. पाण्यातलेच निरुपद्रवी सूक्ष्मजीव तेथे वस्ती करतात आणि वरून येणारे रोगजंतू खातात. जर्मन भाषेत या थराला नावच मुळी 'मळाची चादर' अशा अर्थाचे आहे. जे सायीतून निसटतात ते खालच्या वाळूच्या कणांना चिकटून राहतात आणि तेथे अन्न न मिळाल्यामुळे मरतात. दार मोठे असले तरी दारावर पहारेकरी बसले आहेत, असे समजा. माझ्या बाटलीत पहारेकरी नव्हते. अर्ध्या तासात बांधलेल्या गाळण्यात ते कुठून येणार?

ही संथ गाळण्याची युक्ती घरच्या मापात बसवण्याचे श्रेय कॅनडातील कॅल्गरी विद्यापीठाच्या डॉ. डेव्हिड मांझ यांना दिले जाते. १९९० च्या सुमारास त्यांनी असे गाळणे तयार केले की, ज्यात पाणी अखंड वाहावे लागत नाही, दिवसातून एक-दोनदा ओतले तरी चालते. पुढे ते अनेक गरीब देशांत पोचले. तेच आपल्या गावच्या सामानातून कसे करावे ते आता सांगतो. मुलांनी वही काढावी.

पहिली वस्तू, पिंप. साधारण एक फूट व्यासाचे आणि सव्वातीन फूट उंचीचे झाकणाचे पिंप पाहिजे. तसे अरुंद पिंप मिळाले नाही तर गवंड्याकडून सिमेंटचा तेवढाच उभा हौद करून घ्यावा, मांझ यांचे गाळणे तसेच होते. बाजारात निळी पिंपे स्वस्त मिळतात, पण त्यांत पूर्वी काय होते ते विचारा. रसायनाचे, औषधाचे किंवा तेलाचे पिंप कितीही धुतले तरी पाण्यासाठी घेऊ नका.

दुसरी वस्तू, वाळू. येथे आपण किनारपट्टीची माणसे हमखास चुकतो. समुद्राची पुळण किंवा खाडीची वाळू घेऊ नका. तिच्यात मीठ असते, शिंपल्यांचा चुरा असतो, कुजका कचरा असतो. नदीच्या वाळूतही घाण असू शकते. सर्वांत उत्तम म्हणजे खडी क्रशरवर मिळणारी काळ्या दगडाची कच, जिला हल्ली क्रश सँड म्हणतात. ती उन्हात वाळवून चाळावी. सुमारे पाऊण मिलिमीटर भोकाच्या चाळणीतून जी खाली पडते ती आपली वाळू. वर राहील त्यातली सहा मिलिमीटरपर्यंतची बारीक खडी वेगळी काढावी आणि सहा ते बारा मिलिमीटरची, म्हणजे हरभऱ्याएवढी, आणखी वेगळी.

दोन्ही प्रकारची खडी पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवावी. वाळू मात्र बेतानेच धुवावी. फार धुतली तर तिच्यातला बारीक भाग वाहून जातो आणि पाणी धावत सुटते. कमी धुतली तर ती चोंदते. परीक्षा अशी: काचेच्या बरणीत थोडी धुतलेली वाळू आणि तेवढेच पाणी घालून हलवा, बरणी खाली ठेवा आणि तीन-चार अंक मोजा. बाजूने पाहिल्यावर वाळूचा पृष्ठभाग अंधुकसा दिसू लागला तर वाळू बरोबर. काहीच दिसत नसेल तर आणखी धुवा. लख्ख दिसत असेल तर जास्त धुतली गेली.

तिसरी वस्तू, नळी. अर्ध्या इंची पीव्हीसी नळी पिंपाच्या बुडापासून दोन बोटांवर टँक निपल बसवून बाहेर काढावी. आतल्या तुकड्याला करवतीने चिरा पाडाव्यात म्हणजे पाणी आत शिरेल. बाहेरची नळी पिंपाला लागून सरळ वर न्यावी आणि टोकाला वाकवून खाली तोंड करावे. ते टोक किती उंचीवर ठेवायचे यातच गाळण्याचा सगळा जीव आहे. वाळूचा माथा जेथे येईल त्याच्या बरोबर पाच सेंटिमीटर वर. गवंडी भिंतीची पातळी पाहायला पाण्याची नळी वापरतात ना? तोच नियम. दोन्हीकडचे पाणी एका पातळीत राहते. म्हणून गाळणे बंद असताना वाळूवर पाच सेंटिमीटर पाणी आपोआप उभे राहते. त्याहून कमी झाले तर साय वाळून मरेल. फार जास्त झाले तर हवेतला प्राणवायू तिच्यापर्यंत पोचणार नाही आणि ती गुदमरेल. या नळीला तोटी बसवू नका आणि पुढे रबरी पाइप जोडून खाली सोडू नका. तसे केल्यास पाणी ओढले जाऊन वाळू कोरडी पडते.

आता भरणी. पिंप जेथे कायम ठेवायचे तेथेच, सावलीत, सपाट कट्ट्यावर ठेवावे. भरल्यावर ते हलवता येत नाही आणि हलवूही नये. तळाशी पाच सेंटिमीटर हरभऱ्याएवढी खडी, त्यावर पाच सेंटिमीटर बारीक खडी. मग पिंपात निम्म्यापर्यंत पाणी भरावे आणि त्या पाण्यात वाळू ओतावी. कोरड्यात वाळू भरून वरून पाणी ओतले तर आत हवेचे बुडबुडे अडकतात. वाळूचा थर ५५ सेंटिमीटरांचा. त्यावर पाच सेंटिमीटर पाणी आणि पाण्याच्या वर, त्याला न टेकेल अशी, भोके पाडलेली स्टीलची परात. भोके तीन मिलिमीटरची, इंचा-इंचावर. ओतलेले पाणी तिच्यावर पडून ठिबकत खाली जाते आणि साय विस्कटत नाही. शेवटी झाकण.

आता बाहेर येणारे पाणी स्वच्छ होईपर्यंत पाणी ओतत राहा. ते झाडांना घाला, वाया घालवू नका. मग पिंप वरपर्यंत भरून घड्याळ लावा. एक लिटरची बाटली भरायला दोन ते अडीच मिनिटे लागली तर उत्तम. त्याहून लवकर भरत असेल तर वाळू जाड आहे किंवा जास्त धुतली गेली आहे. घाईने गाळलेले पाणी हे न गाळलेल्या पाण्याचा भाऊ समजा.

गाळणे तयार झाले म्हणून लगेच प्यायला सुरुवात करू नका. मीही हीच चूक केली होती. साय धरायला तीन ते चार आठवडे लागतात. या काळात रोज त्याच विहिरीचे पाणी ओतत राहायचे. आज विहीर, उद्या टँकर, परवा वहाळ असे केले तर पहारेकऱ्यांची घडी विस्कटते. एका वेळी सुमारे १२ लिटर, म्हणजे एक लहान हंडा, ओतावे आणि नंतर किमान एक तास गाळण्याला विसावा द्यावा. त्या विसाव्यातच वाळूतल्या पाण्यावर काम होते. मात्र ४८ तासांपेक्षा जास्त काळ उपाशीही ठेवू नये.

आणखी एक अट. फार गढूळ पाणी गाळण्यात ओतू नये. दोन लिटरची पारदर्शक बाटली पाण्याने भरा, वर्तमानपत्राच्या ठळक मथळ्यावर उभी ठेवा आणि तोंडातून खाली बघा. अक्षरे वाचता आली तर पाणी ओतण्याजोगे. नाहीतर ते रात्रभर निवळू द्या किंवा त्यात तुरटी फिरवा. आपल्या आजीच्या काळी माठात निवळीचे बी उगाळून घालत. त्या झाडाला निवळी हे नावच त्यामुळे पडले. वरचे पाणी हलके काढून घडी केलेल्या जुन्या कापडातून गाळावे. जुन्या कापडाला हसू नका. बांगलादेशात रिटा कॉलवेल या शास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यांतील बायकांना जुनी साडी चारदा दुमडून पाणी गाळायला शिकवले आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात पटकीचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने कमी झालेले आढळले. पटकीचे जंतू पाण्यातल्या बारीक किड्यांना चिकटून राहतात आणि ते किडे कापडात अडकतात. निम्मे म्हणजे मोठी गोष्ट आहे. पण निम्मेच, हेही लक्षात ठेवा.

काही महिन्यांनी धार मंद होईल. घाबरू नका. परात काढा, वर थोडे पाणी घाला, हाताच्या पंजाने वाळूचा फक्त वरचा थर हलकेच ढवळा आणि वर आलेले गढूळ पाणी पेल्याने काढून टाका. साबण, ब्लीचिंग पावडर, फिनेल यांतले काहीही आत घालायचे नाही. तसे केलेत तर चोर आणि पहारेकरी दोघेही मरतील. साफसफाईनंतर साय पुन्हा धरेपर्यंत काही दिवस विशेष काळजी घ्यावी.

आता जे मी २०१७ साली सांगितले नाही, ते. हे गाळणे काय करत नाही ते नीट ऐका. ते मीठ काढत नाही. वैशाखात आपल्या खाडीकाठच्या विहिरींचे पाणी मचूळ होते, ते गाळल्यावरही मचूळच राहील. फ्लोराइड, शेतीतली औषधे, कारखान्यातली विरघळलेली रसायने यांवर त्याचा भरवसा धरता येत नाही. मुरलेल्या गाळण्याने जंतू पुष्कळ अंशी, विषाणू त्याहून कमी अंशी निघतात. पण पुष्कळ म्हणजे सगळे नव्हेत. म्हणून गाळलेले पाणी मारक उपायातून काढल्याशिवाय मुलांना देऊ नये.

मारक उपाय तीन. एक, खळखळून उकळी आणावी आणि ती एक मिनिट राहू द्यावी. दोन, आरोग्य केंद्रातून किंवा औषधाच्या दुकानातून मिळणारे क्लोरीनचे थेंब वा गोळ्या, बाटलीवर लिहिलेल्या मापाने, आणि नंतर किमान अर्धा तास थांबणे. तीन, गॅसही नाही आणि थेंबही नाहीत अशा वेळी निवळ पाणी दोन लिटरपर्यंतच्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या बाटलीत भरून कडक उन्हात सहा तास आडवे ठेवावे, ढग असतील तर लागोपाठ दोन दिवस. यांपैकी दुसऱ्या आणि तिसऱ्या उपायाला आधी निवळ पाणी लागते. गढूळ पाण्यात क्लोरीन मातीतच खर्ची पडते आणि ऊन आत पोचत नाही. वाळू आणि मारक उपाय ही एका गाडीची दोन चाके आहेत. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या भांडुपच्या केंद्रातही क्रम हाच आहे: आधी गाळ बसवणारे द्रव्य, मग वाळू आणि शेवटी क्लोरीन. एवढ्या मोठ्या शहराला जी पायरी गाळता येत नाही, ती आपण एका घरात का गाळावी?

आणि इतके करून शुद्ध केलेले पाणी माठात बोटे बुडवून काढले तर सगळे मुसळ केरात. माठावर झाकण ठेवा, लांब दांड्याचे ओगराळे वापरा किंवा तोटीचे पिंप घ्या. मोहरममध्ये सबील लावणाऱ्या आमच्या तरुणांनाही माझी हीच विनंती आहे. पाणी पाजणे हे सवाबचे काम. ते पाणी निर्मळ असेल याची काळजी घेणे हाही त्याच कामाचा भाग आहे.

कोणी म्हणेल, सर, आता जल जीवन मिशनचे नळ आले, घरोघर आरओचे यंत्र आले, हे पिंप कोण करत बसणार? नळ आले त्याचा मला आनंदच आहे. पण ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले तेव्हा रायगड आणि उत्तर रत्नागिरीतल्या कित्येक गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती. पंप बंद, यंत्रे बंद. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण बुडाले तेव्हा पुराचे पाणी घरांत आणि विहिरींत शिरले. अशा दिवसांत ज्याला विजेशिवाय पाणी गाळता येते आणि उकळून घेण्याची शिस्त आहे, तो आपले घर सांभाळतो आणि शेजारही सांभाळतो. आखातात कमावणारा मुलगा यंत्राचे पैसे पाठवू शकतो, पण वादळाच्या रात्री माठ भरायला तो येथे नसतो.

शेवटी आमच्या शाळेतल्या पिंपाविषयी. आठवीच्या मुलांनी ते बांधले. रोज किती पाणी ओतले, लिटरला किती मिनिटे लागली, हे ते वहीत लिहितात. दर पंधरवड्याला काळी पडणाऱ्या चाचणीची बाटली लावतात. ही साधी चाचणी १९८२ साली मांजा या भारतीय शास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केली. बाटलीत पाणी भरून ठेवायचे. एक-दोन दिवसांत ते काळे पडले तर त्यात मैल्याची घाण असण्याचा संशय धरायचा. आपल्या ग्रामपंचायतीतही पाणी तपासण्याची पेटी असते, ती मागा, तो आपला हक्क आहे. आमच्या पिंपाच्या पहिल्या दोन्ही बाटल्या काळ्या पडल्या. मुले हिरमुसली. पाचव्या आठवड्यानंतर बाटल्या तशा पडेनात. पण ऑगस्टच्या मोठ्या पावसात एक पुन्हा काळी पडली. मुलांनी विचारले, "सर, ही वहीत लिहायची का?" मी म्हणालो, "तीच आधी लिहा." त्यामुळे आमच्या शाळेत पिंपाचे पाणी आजही उकळूनच प्यायले जाते.

ती वही बाहेरच्या टेबलावर पिंपाशेजारी ठेवली आहे. मेळावा संपल्यावर ती जरूर पाहावी. समजावून सांगायला आठवीची एक मुलगी तेथे उभी आहे. चार वर्षांची असताना जी तीन दिवस सलाइनवर होती, तीच ती. तिला काहीही विचारा. फक्त पिंपाचे पाणी पिऊन दाखव, असे म्हणू नका. ती आपल्याला उकळीचे भांडे दाखवेल.